शॅटनर ओव्हर का वाटतो, आणि बॉडी स्वॅप स्टेजवर कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या ग्रुपला एकांकिकेसाठी बॉडी स्वॅपचा, म्हणजे दोघांच्या शरीरांची अदलाबदल होण्याचा, विषय घ्यायचाय, एक मुलगा एक मुलगी, रेफरन्स म्हणून कोणीतरी 'स्टार ट्रेक'च्या जुन्या मालिकेतला 'टर्नअबाउट इंट्रूडर' हा एपिसोड लावला आणि सगळे हसत सुटले. विल्यम शॅटनर इतका ओव्हर का करतोय, आणि आपल्याला असा रोल करायचा तर तालमीत नेमकं काय करायचं? मी बरीच वर्षं अभिनयाच्या कार्यशाळा घेते आणि हा एपिसोड मुलांना मुद्दाम दाखवते, त्यातलं जे चुकलंय त्यासाठीही आणि जे कोणाच्या लक्षात येत नाही त्यासाठीही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी गोष्ट आधी. कॅप्टन कर्क (म्हणजे शॅटनर) एका डिस्ट्रेस कॉलवरून कॅमस २ नावाच्या ग्रहावर उतरतो, तिथल्या संशोधकांच्या टीममधली बहुतेक माणसं रेडिएशनने मेलेली, आणि आजारी म्हणून पडलेली असते डॉ. जॅनिस लेस्टर, कर्कची जुनी मैत्रीण, स्टारफ्लीटमध्ये, म्हणजे मालिकेतल्या अंतराळ दलात, दोघं वर्षभर एकत्र होते. तिला स्वतःला जहाजाची कॅप्टन व्हायचं होतं, ते झालं नाही, तो राग मनात धरून बसलीये. तिथे एका प्राचीन संस्कृतीचं यंत्र असतं, ते वापरून ती कर्कच्या शरीरात शिरते आणि कर्क तिच्या. मग ती कर्क बनून त्याच्या 'एंटरप्राइज' जहाजावर जाते, आणि खरा कर्क तिच्या शरीरात, वेड लागलेली बाई म्हणून सिकबेमध्ये (जहाजावरच्या दवाखान्यात) बांधून ठेवलेला. पुढे कर्कचा दुय्यम अधिकारी स्पॉक, ज्याला दुसऱ्याच्या मनात शिरून बघता येतं, त्याला खरं कळतं, त्याच्यावर कोर्ट मार्शल होतं, कर्क झालेली जॅनिस सगळ्यांना मृत्युदंड द्यायला निघते, आणि शेवटी अदलाबदल आपोआप उलटते. कथा जीन रॉडनबेरीची, पटकथा आर्थर सिंगरची, दिग्दर्शन हर्ब वॉलरस्टीनचं. जॅनिस झालीये सँड्रा स्मिथ. मूळ मालिकेचा हा ७९वा आणि शेवटचा भाग. २८ मार्च १९६९ ला लागायचा होता, पण त्याच दिवशी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर गेले आणि टीव्हीवर सगळीकडे त्याच बातम्या, म्हणून तो ३ जूनला दाखवला.

आता शॅटनर. तुम्ही हसलात ते मुख्यतः कोर्ट मार्शलच्या सीनला हसला असणार. लालबुंद चेहरा, टेबलावर मुठी, आवाज फाटलेला. पण बघणाऱ्याला तो ओव्हर वाटतो ह्याचं खरं कारण त्या सीनमध्ये नाहीये, ते पहिल्या काही मिनिटांत आहे. अदलाबदल एवढी लवकर होते की त्याच्या आधी जॅनिस लेस्टर नावाची बाई आपल्याला भेटलेलीच नसते. ती आडवी पडलेली असते, चार वाक्यं बोलते, आणि खेळ सुरू. ती कशी चालते, हसताना काय करते, खोटं बोलताना कुठे बघते, चिडली की आवाज चढतो की खाली जातो, काही म्हणजे काही माहीत नाही. मग शॅटनरने कॉपी कोणाची करायची? उलट बाजूला सँड्रा स्मिथकडे कर्कचे ७८ एपिसोड होते. तिच्यासमोर मूळ प्रत होती, ह्याच्यासमोर कोरा कागद. आणि कोरा कागद दिला की नट तो भरतो त्याच्या डोक्यात आधीपासून असलेल्या साच्याने. 'बाई'चा साचा. म्हणून मग तो नखं घासत बसतो, लाडिक बघतो, चिडला की किंचाळतो. ती जॅनिस नाहीये, ती १९६९ सालच्या एका पुरुषाला वाटलेली कुठलीही बाई आहे. तुमच्या ग्रुपमधल्या मुलाला मुलगी करायला सांगा, पहिल्या तालमीत तोसुद्धा हेच करेल, कंबर हलवेल, केस कानामागे सारेल आणि 'बनवाबनवी'तली पार्वती होईल. ती पार्वती धमाल आहे, पण तो वेषांतराचा खेळ आहे, तिथे आतला माणूस तोच राहतो आणि गंमत सोंग उघडं पडण्याच्या भीतीत असते. इथे आतला माणूसच बदललाय.

म्हणून माझं म्हणणं असं की बॉडी स्वॅपचं यश ऐंशी टक्के अदलाबदलीच्या आधी ठरतं (आकडा अंदाजपंचे, पण समजून घ्या). प्रेक्षकाला दोन्ही माणसं आधी ओळखीची झाली पाहिजेत. नवल म्हणजे हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना पक्कं माहीत होतं. 'भगवदज्जुकम्' नावाचं संस्कृत प्रहसन आहे, साधारण सातव्या शतकातलं, काही जण ते पल्लव राजा महेंद्रवर्म्याचं मानतात, काही बोधायनाचं. त्यात एक संन्यासी आणि त्याचा खादाड, आळशी शिष्य शांडिल्य बागेत येतात. गुरू आत्मा-शरीर वगैरे बोलत राहतो आणि शिष्याचं लक्ष भलतीकडेच. मग गणिका येते, गाते, प्रियकराची वाट बघते. यमदूत चुकीच्या बाईचा प्राण नेतो, ती मरून पडते, आणि गुरू शिष्याला योगाची ताकद दाखवायला तिच्या देहात शिरतो. तेवढ्यात चूक लक्षात आल्यावर यमदूत तिचा जीव परत घेऊन येतो, बघतो तर घरात भाडेकरू बसलेला, मग तो वैतागून तिचा जीव संन्याशाच्या रिकाम्या देहात टाकतो. आता गणिका उभी राहून वैराग्याचं प्रवचन देतेय आणि संन्यासी लाडात येऊन प्रियकराला बोलावतोय. हे चालतं, आजही हशा येतो, कारण परकायाप्रवेशाच्या आधी संन्याशाचं प्रवचन आपण भरपूर ऐकलंय आणि गणिकेचा नखराही बघितलाय. तिच्या तोंडून निघणारं प्रत्येक वाक्य कोणाचं आहे हे लगेच कळतं. लेखकाने आधी पैसे भरलेत, मग वसूल केलेत.

विज्ञान मालिकांमधले चांगले जमलेले एपिसोड बघा, तिथेही हेच सापडेल. 'स्टारगेट एसजी-१'च्या दुसऱ्या सीझनमधला 'हॉलिडे', त्यात ओनील आणि टील्क अदलाबदल होतात, एक सतत टोमणे मारणारा आणि एक शब्द मोजून बोलणारा, दोघं प्रेक्षकांच्या घरचे झालेले, त्यामुळे रिचर्ड डीन अँडरसनने नुसता चेहरा दगडी ठेवला आणि ख्रिस्तोफर जजने नुसते खांदे सैल सोडले की लोक खूश. 'व्हॉयेजर' ह्या 'स्टार ट्रेक'च्याच नंतरच्या मालिकेत २००० साली 'बॉडी अँड सोल' आला, ती पूर्ण अदलाबदल नाही, होलोग्राम डॉक्टर (रॉबर्ट पिकार्डो) लपण्यासाठी सेव्हन नावाच्या सहकारी बाईच्या (जेरी रायन) शरीरात जातो, आणि जेरी रायन अख्खा एपिसोड डॉक्टर करते. रॉबर्ट पिकार्डोचा तो आत्मसंतुष्ट, वाक्य चघळत बोलण्याचा ढंग तिने असा काही उचललाय की डोळे मिटून ऐकलं तरी माणूस ओळखू येतो. आणि चीजकेक खातानाचा तिचा चेहरा! ज्याला आयुष्यात पहिल्यांदा चव कळलीये असा माणूस. तिने पुरुष केलेला नाही, तिने तो डॉक्टर केलाय. तुमच्या मुलीने मुलगा करायचा नाहीये, तिने तुमच्या संहितेतला तो एक मुलगा करायचाय, त्याच्या लकबींसकट आणि त्याच्या भीतीसकट.

सँड्रा स्मिथवर थोडं थांबते कारण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. तिला किती कमी जागा मिळालीये बघा, अर्ध्या एपिसोडभर ती एकतर पलंगावर बांधलेली किंवा कोठडीत नाहीतर साक्षीदाराच्या खुर्चीत. चाल दाखवायला वाव नाही, कॅप्टनची ती सुप्रसिद्ध खुर्ची नाही, युनिफॉर्म नाही. सोपा रस्ता होता, शॅटनरचे पॉज. वाक्य मध्येच तोडायचं, मग तीन शब्द घाईत, जगातला प्रत्येक नकलाकार तेच करतो. ती त्या वाटेला फारशी जात नाही. ती कर्कचा निर्णय घेण्याचा वेग पकडते. कोठडीत स्पॉक येतो तो सीन परत लावा. ती स्पॉकला पटवायला जुने प्रसंग सांगते, आधीच्या भागांतल्या परग्रहवासीयांचे, थोलियनांच्या हद्दीत कर्क अडकला होता ते, व्हियन्सनी डॉक्टर मॅकॉयला मरू द्या म्हटलं होतं ते, आणि स्पॉक थंडपणे म्हणतो की हे सगळं नोंदींमध्ये आहे, कोणालाही वाचून सांगता येईल. कुठलीही हतबल बाई किंवा हतबल माणूस इथे रडवेला झाला असता. ती होत नाही, तिला मुद्दा पटतो, आणि लगेच पुढचा डाव: तू कॅप्टनच्या जितका जवळ आहेस तितकं विश्वात कोणी नाही, माझ्या मनात शिरून बघ. तो जो अर्धा सेकंद आहे ना, मुद्दा पटला – सोडला – पुढचा उचलला, तो अर्धा सेकंद म्हणजे कर्क. हावभावात नाही, विचाराच्या चालीत आहे. बेअरिंग, म्हणजे भूमिका न सुटू देता धरून ठेवणं, म्हणतो ते हेच, आणि ते तिने कोर्टातसुद्धा सोडलं नाहीये, समोर शॅटनर एवढा आरडाओरडा करत असताना.

बांधलेलं असतानाचा एक छोटा प्रसंगही बघा. नर्स चॅपल पिण्याचं काहीतरी घेऊन येते, आणि नंतर त्याच ग्लासच्या काचेने ती पट्टा कापून सुटते. नर्स समोर असताना ती इतकी शहाण्यासारखी, गोड वागते की संशय येऊ नये. म्हणजे तिथे एक अभिनेत्री कर्क करतेय आणि तो कर्क शांत झालेल्या पेशंटचं नाटक करतोय. (ह्यात एक कडू गंमत पण आहे, नर्स चॅपल झालेली मेजेल बॅरेट ह्याच मालिकेच्या पहिल्या पायलटमध्ये (चाचणी भागात) जहाजाची सेकंड इन कमांड होती, नंबर वन. मालिका संपेपर्यंत तिच्या हातात ग्लास.)

आता शॅटनरची बाजू, कारण अर्ध्यापर्यंत तो मला आवडतो आणि ते मी कार्यशाळेत भांडून सांगते. लोक विसरतात की तो बाई करतच नाहीये. तो अशी बाई करतोय जी कर्क असल्याचं सोंग करतेय. म्हणजे तिने कर्क व्हायचा पूर्ण प्रयत्न करायचा आणि तो प्रयत्न आपल्याला किंचित कमी पडलेला दिसला पाहिजे, पण जहाजावरच्या लोकांना दिसता कामा नये. अवघड प्रकरण आहे. ब्रिजवर (जहाजाच्या नियंत्रण कक्षात) आल्यावर त्या खुर्चीत बसताना त्याच्या चेहऱ्यावर येणारं सुख बघा, कर्कला त्या खुर्चीचं रोजचं असतं, हिला ती आयुष्यभर हवी होती. मग ती बेनेसिया नावाच्या वसाहतीकडे जायचा हुकूम देते, स्पॉक सांगतो की तिथे औषधोपचाराची सोय नीट नाही आणि चांगला तळ आपल्या वाटेवरच आहे, तर ती कारण द्यायच्या ऐवजी अधिकार दाखवते. खरा कर्क एका वाक्यात कारण देऊन मोकळा झाला असता. एवढंच पुरेसं आहे, इथे नखं घासायची काही गरज नव्हती! जिला अधिकार नवा आहे ती तो उगाच वापरते, ही जॅनिसची खूण, आणि ती बाईपणाची नाही, माणसाची आहे. जहाजाचा डॉक्टर मॅकॉय तपासणी करतो तर सगळे रिपोर्ट नॉर्मल, शरीर तर कर्कचंच आहे. म्हणजे पुरावा एकच, वागणूक. लेखकाने नटाला दिलेली केवढी मोठी भेट आहे ही.

ह्याच मालिकेत दोन वर्षं आधी 'मिरर, मिरर' झाला होता, त्यात दुष्ट समांतर विश्वातला कर्क आपल्या जहाजावर येतो आणि स्पॉक त्याला जवळपास लगेच कोठडीत टाकतो. का? तर तो लपवतच नाही, आरडाओरडा, धमक्या, लाच. शेवटी स्पॉक म्हणतो तेही मजेदार आहे, सुसंस्कृत माणसाला रानटी असल्याचं सोंग जमतं, रानट्याला सुसंस्कृत असल्याचं जमत नाही. शॅटनरने असे बरेच कर्क केले होते, 'द एनिमी विदिन'मध्ये दोन तुकडे झालेला, एकदा यंत्रमानव, एकदा गार्थ नावाचा वेडा कर्कच्या रूपात. त्यामुळे त्याला हा खेळ नवा नव्हता, आणि म्हणूनच कोर्टाचा सीन मला नटापेक्षा संहितेचा आणि दिग्दर्शकाचा दोष वाटतो. एकदा जॅनिसला जाहीरपणे फुटायला लावलं की लपवणं संपलं, आणि लपवणं संपलं की अभिनेत्याच्या हातात उरतो फक्त आवाज. ह्यात जहाजाचा इंजिनियर स्कॉटी ह्याचं वाक्य मात्र झकास आहे, मी कॅप्टनला तापात बघितलंय, दारू प्यायलेला बघितलंय, घाबरलेला, खूश, संतापलेला, पण हिस्टेरियाने लाल झालेला कधी बघितला नाही. बाहेर पॅसेजमध्ये तो मॅकॉयला हे सांगतो, आणि जॅनिसने ते बोलणं रेकॉर्ड केलेलं असतं. माणूस ओळखण्याची कसोटी काय असावी तर इतक्या वर्षांची सोबत. हे वाक्य अख्ख्या एपिसोडमध्ये विषयाच्या सगळ्यात जवळ जातं, आणि त्यात बाई-पुरुष काही नाही. पण 'हिस्टेरिया' हा शब्द १९६९ साली कोणाला चिकटवला जायचा हे लेखकाला चांगलं माहीत होतं, तो काही निरागस नाहीये.

आणि तिथेच हा एपिसोड म्हातारा झाला. सुरुवातीला जॅनिस म्हणते की तुमच्या स्टारशिप कॅप्टनांच्या जगात बायकांना प्रवेश नाही, हे न्याय्य नाही, आणि कर्क चक्क म्हणतो, नाही, न्याय्य नाही. इथे एका वेगळ्या, चांगल्या एपिसोडचा दरवाजा किलकिला होतो. ह्याच तिसऱ्या सीझनमध्ये रोम्युलन ह्या शत्रू परग्रहवासीयांची एक बाई कमांडर दाखवली होती, ताफा चालवणारी, म्हणजे कल्पनाच नव्हती असं नाही. पण नाही, संहिता ठरवते की हिला कॅप्टन होता आलं नाही कारण हिचं डोकंच ठिकाणावर नाही. साक्षीच्या खुर्चीत बसून सँड्रा स्मिथला कर्क म्हणून सांगावं लागतं की ह्या बाईला स्वतःच्या बाईपणाचा तिरस्कार आहे म्हणून तिच्यासोबत जगणं अशक्य झालं. एक बाई, पुरुष बनून, स्वतःच्याच चेहऱ्याबद्दल हे बोलतेय. ती ते सपाट, जवळजवळ थकून म्हणते, मला ते फार आवडतं, कारण त्या वाक्याला जरा जरी जोर दिला असता तर ते असह्य झालं असतं. वाईट वाक्य मिळालं की काय करायचं, तर हे. पुढे २००४ मध्ये 'एंटरप्राइज' ह्याच नावाच्या नव्या 'स्टार ट्रेक' मालिकेवाल्यांनी कोलंबिया जहाजाची कॅप्टन म्हणून एरिका हर्नांडेझ आणली, आणि ती गोष्ट कर्कच्या शंभरेक वर्षं आधीची, म्हणजे जॅनिसचं ते वाक्य मागाहून खोटं पाडलं. चाहते अजून भांडतात की तिच्या वाक्याचा अर्थ तसा नव्हताच. नट म्हणून तुम्हाला त्यात पडायची गरज नाही, तुम्हाला एवढंच बघायचं की तिला ते खरं वाटतं.

बाई-पुरुषाचा थर कसा हाताळायचा ह्यासाठी खरं तर आपल्याला लांब जायला नको. स्त्रीपार्टी करणाऱ्या नटांची अख्खी परंपरा आहे. १९११ चं 'मानापमान' आठवा, बालगंधर्व भामिनी करायचे, आणि भामिनी पुढे वनमाला बनून धैर्यधराला भेटते. म्हणजे पुरुष नट, श्रीमंत घरातली मानी मुलगी, आणि तिने घेतलेलं साध्या मुलीचं सोंग, तीन थर झाले. तिथे 'मी पुरुष आहे बरं का' असा डोळा मारला असता तर खालचे दोन्ही थर कोसळले असते. सगळ्यात वरचा थर प्रेक्षकाने विसरायचा असतो, आणि तो विसरायला नटाने स्वतः तो आधी विसरावा लागतो. तुमच्या मुलाला हेच सांगा, साडी नेसल्याची लाज किंवा मजा, दोन्ही प्रेक्षकांपर्यंत पोचता कामा नये.

आता संहितेतला एक निर्णय, जो तुम्ही पहिल्या वाचनाच्या आधी घ्यायला हवा. प्रेक्षकाला शरीर दाखवणार की आतला माणूस? 'टर्नअबाउट'मध्ये शरीर दिसतं, म्हणजे शॅटनरच्या देहात जॅनिस. 'एक्स-फाइल्स'च्या १९९८ च्या 'ड्रीमलँड'मध्ये उलटं केलंय, मल्डर दुसऱ्या माणसाच्या शरीरात गेलाय पण आपल्याला डेव्हिड डुकोव्हनीच दिसत राहतो, बाकी सगळ्यांना मात्र तो मायकल मॅककीनने केलेला फ्लेचर दिसतो, आणि आपल्याला ते कळतं आरशात. 'क्वांटम लीप' अख्खी मालिका ह्याच युक्तीवर चालली. ह्यात नटाला सोपं जातं, त्याने स्वतःचंच पात्र करायचं, विनोद बाकीच्यांच्या प्रतिक्रियांमध्ये. पण मग अदलाबदलीच्या अभिनयाची मजा गेली, आणि स्पर्धेत परीक्षक नेमकं तेच बघायला बसलेले असतात. तिसरा प्रकार 'रेड ड्वार्फ'ने १९८९ मध्ये केला, दोघांचे आवाजच डबिंगने बदलले, रिमर नावाच्या पात्राच्या तोंडून लिस्टर ह्या दुसऱ्याचा आवाज. टीव्हीवर गंमत येते. स्टेजवर ट्रॅक लावून हे करू नका, लिपसिंक एका जागी चुकलं की संपलं. माझं मत विचाराल तर शरीर दाखवा, आवाज ज्याचा त्याचा राहू द्या (घसा पण शरीरातच असतो ना), बदलायचं ते बोलण्याची लय, पट्टी आणि कोणता शब्द उचलतो ते.

तालमीचं सांगते. पहिले काही दिवस अदलाबदलीचा सीन उघडूच नका. दोघांनी आधी आपापली मूळ भूमिका पक्की करायची, आणि दुसऱ्याने विंगेत बसून ती बघायची, वही घेऊन. वहीत 'हात हलवतो' असं नाही लिहायचं. कधी हलवतो, काय लपवायचं असतं तेव्हा, कोण समोर असताना. मग दोघांनी मिळून प्रत्येकाच्या दोन, फार तर तीन लकबी ठरवायच्या, जास्त नाही, आणि त्या अदलाबदलीच्या आधी प्रेक्षकाच्या नकळत पेरायच्या. समजा तुमचा मुलगा उत्तर द्यायच्या आधी चष्मा काढून शर्टाला पुसतो. पहिल्या पंधरा मिनिटांत हे दोनदा दिसू द्या, एकदा साध्या प्रसंगात, एकदा बापासमोर खोटं बोलताना. अदलाबदलीनंतर मुलगी, जिला चष्मा नाही, ती बापासमोर उभी राहते आणि तिचा हात नाकापर्यंत जातो, तिथे काही नसतं, हात हवेत थांबतो. टाळी घ्या. ह्याला संवाद लागत नाही. पण लगेच परत वापरायची नाही, मुलांना एकदा हशा मिळाला की चारदा करतात आणि मग ती लकब न राहता नुसती खूण होऊन बसते.

दुसरं म्हणजे प्रत्येक सीनसाठी दोघांना विचारा, आत्ता ह्या क्षणी तू कोणापासून काय लपवतोयस? उत्तर नसेल तर सीन लेखकाकडे परत. शॅटनरचा चांगला अर्धा भाग आणि वाईट अर्धा भाग ह्यांच्यामधली रेघ ह्याच प्रश्नावर पडते. आणि एक स्पॉक लागतो, म्हणजे असं एक पात्र ज्याला दोघांपैकी एक जण आतून माहीत आहे आणि जे बाहेरच्या पुराव्याला भुलत नाही. बहीण असेल, रूममेट असेल. ओळख पटवायला 'तुझ्या लहानपणीचा तो प्रसंग' हा रस्ता टाळा, सगळेच तो वापरतात, आणि स्पॉकने सांगितलेलं कारण आहेच, माहिती कोणालाही मिळू शकते. ओळख पटू दे ती प्रतिक्रियेतून, काहीतरी अनपेक्षित घडलं आणि माणूस जसा वागायचा तसाच वागला त्यातून.

शेवटचा मुद्दा परत येण्याचा सीन, तो बहुतेक ग्रुप तालमीत सगळ्यात शेवटी करतात आणि प्रयोगात तोच फसतो. 'टर्नअबाउट'मध्ये झटापट चालू असताना अदलाबदल उलटते, दुहेरी प्रतिमेचा इफेक्ट आहे, पण इफेक्ट काढून टाकला तरी शॅटनरकडे बघून कळतं, खांदे खाली येतात, घाई संपते. आणि सँड्रा स्मिथ, जिने इतका वेळ स्वतःवर ताबा ठेवलेला कर्क केला, ती त्याच क्षणी कोसळते, आता मी कधीच कॅप्टन होणार नाही म्हणून. जॅनिस तिला करायला मिळाली ती सुरुवातीची थोडी आणि शेवटची ही एवढी, आणि ह्या एवढ्याशात ती आपल्याला दाखवते की शॅटनरला कोणाची कॉपी करायला हवी होती. तो भाग एपिसोडच्या सुरुवातीला असता तर चित्र वेगळं असतं. म्हणून तुम्ही हा सीन आधी बसवा, म्हणजे मूळ भूमिका उभ्या राहिल्या की लगेच दुसरा, मग मधला सगळा भाग. नटांना एकदा कळलं की परत आल्यावर आपलं शरीर आपल्याला कसं वाटणार आहे, की मग मधल्या भागात ते परकं कसं वाटायला हवं हे सांगावं लागत नाही. आणि ब्लॅकआउट घेऊ नका तिथे, उजेडात करा, दोघं प्रेक्षकांसमोर.